थांबलेला हवालदार

वच्छलाबाई जनबंधू यांना ‘एक बेडी, दोन गडी’ हा पिक्चर पाहताना झोप लागली.

असं काही झालेलं नाही. वरचं वाक्य कोणीतरी चुकून लिहिलं असावं. आमचे दिग्दर्शक प्रवीण यांचं म्हणणं आहे की शेवट आधी फुटला तर पिक्चरचे पेन ड्राइव्ह खपत नाहीत. तेव्हा वाटेत वाघाचे ठसे दिसल्यावर आपण जातो तसे त्या वाक्यापासून हळूच, पाठ न दाखवता मागे सरू आणि झाडावर चढू.

झाड मोहाचं होतं. त्यावर मी आणि सोमाजीभाऊ. मी चोर, ते हवालदार. माझा उजवा हात आणि त्यांचा डावा हात एकाच बेडीत. खाली वाघ. वाघाचं काम प्रवीणच करत होता, म्हणजे कॅमेऱ्यामागून गुरगुरत होता. खरा वाघ आमच्या भागात फुकट उपलब्ध आहे, पण तो दिलेल्या वेळेला येत नाही. वनरक्षक खुशबू मॅडमनी आम्हाला दुपारपर्यंतच थांबायची परवानगी दिली होती. “नंतर खरा कलाकार येते,” असं त्या म्हणाल्या होत्या, आणि हसल्या नव्हत्या.

प्रवीण गुरगुरला. मी माझं वाक्य टाकलं.

“हवालदारसाहेब, घरी कोनी वाट पाहून राह्यलं असन ना तुमची?”

यावर सोमाजीभाऊंनी ‘तुझी वाट तं जेल पाहून राह्यलं बे’ असं म्हणून माझ्या टाळक्यात हाणायची, असं ठरलेलं होतं. मी टाळकं तयार ठेवलं. भाऊ गावाकडे बघत राहिले. झाडावरून पाण्याची टाकी दिसत होती. मग म्हणाले,

“वाट पाहाले फुरसत लागते, गा. तिले थे कधी भेटलीच नाई.”

वाघ गुरगुरायचा थांबला.

“कट,” वाघ म्हणाला. “भाऊ, हे कुठी लिवलं हाय?”

“कुठीच नाई.”

“आन टपली?”

“राह्यली.”

प्रवीणनं थोडा विचार केला. एरवी तो लग्नाच्या शूटिंगा करतो. नवरीकडची आत्या कधी रडेल हे त्याला आत्याच्या आधी कळतं. “राहू द्या,” तो म्हणाला. “टपली दुसऱ्या शॉटमधी मारून घ्या.”

दुसऱ्या शॉटमध्ये भाऊंनी आधीची आणि नंतरची अशी दोन्ही टपल्यांची भरपाई केली.

सोमाजीभाऊ म्हणजे आमच्या मोहटोल्याचे पाणी सोडणारे. ग्रामपंचायतीच्या नळयोजनेचे व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे, एवढंच काम. त्यासाठी त्यांच्याकडे कमरेइतकी उंच लोखंडी चावी असते. ती खांद्यावर टाकून ते सकाळ-संध्याकाळ निघतात. एखाद्यानं नळाला मोटर लावली की भाऊ भांडत नाहीत, त्या गल्लीचा व्हॉल्व्ह बंद करून चहा प्यायला जातात. सरपंच बदलले, टाकी बदलली, भाऊ तेच राहिले.

आणि जितकी वर्षं ते नळावर, तितकीच वर्षं ते नाटकात हवालदार. आमच्याकडे दिवाळी झाली, धान घरात आलं, की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते आणि मंडईला नाटक असतंच. भाऊंचा बांधा पाहून कुठल्याही नाटकात त्यांना खाकी चढवतात. वाक्य एकच : “साहेब, गाडी तयार आहे.” सामाजिक नाटक असो की कौटुंबिक, तिसऱ्या अंकाआधी कुठल्या तरी साहेबाची गाडी तयार होतेच.

हे वाक्य साऱ्या तालुक्यानं पाहिलेलं आहे. त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, पाहिलेलं नाही.

कारण आमच्याकडे नाटक म्हणजे पाहुणे. मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम, म्हाताऱ्याची तब्येत, जुनं भांडण, सगळं नाटकाच्या निमित्तानं उरकतात. ज्यांच्या गावात नाटक, त्यांच्या घरी जेवण. मग घरची बाई वडे तळते, भात उतरवते, पुन्हा चढवते. पाहुणे जेवून मांडवात जातात, दुसरी पंगत येते. नाटक वच्छलाबाईंनी आयुष्यभर भोंग्यावरून ऐकलं. “साहेब, गाडी तयार आहे” ऐकू आलं की त्यांना कळायचं, आता थोडंच उरलं, चहाचं आधण ठेवायला हवं. नवऱ्याच्या अभिनयाचा त्यांना एवढाच उपयोग होता.

हे मला कधी कळलं? बेडीमुळे. माझं नाव विक्की. शिक्षण डी.एड., व्यवसाय डी.एड. झालेला. त्यामुळे चोराच्या भूमिकेसाठी मी लगेच मोकळा मिळालो. बेडी आम्ही वडशाच्या एका नाटक कंपनीच्या पेटीतून आणली होती. नाटकातली असूनही ती अस्सल निघाली. शूटिंग संपलं तेव्हा तिची किल्ली प्रवीणच्या शर्टाच्या खिशात होती आणि प्रवीण त्या शर्टासकट कोरपन्याला साखरपुड्याच्या शूटिंगला रवाना झालेला होता.

“आता?” मी विचारलं.

“आता काय. पानी सोडाचा टाइम झाला,” भाऊ म्हणाले आणि चालू लागले. मीही चालू लागलो. मला वेगळा निर्णय घेण्याची सोय नव्हती.

त्या दिवशी मोहटोल्याला चोर आणि पोलीस यांनी मिळून पाणी सोडलं. चावी दोघांनी फिरवली. भाऊ उजवे, मी बांधलेला, म्हणून व्हॉल्व्ह जरा जास्तच उघडला आणि खालच्या टोल्यात, म्हणजे वस्तीत, लोकांनी आनंदानं बैल धुतले. मग आम्ही भाऊंच्या घरी जेवायला गेलो.

वच्छलाबाईंनी दारात आमच्याकडे पाहिलं. खाकी पाहिली, बेडी पाहिली, मला पाहिलं.

“यानं काय केलन?”

“काई नाई वच्छला, पिक्चर करून राह्यलो ना आमी. शूटिंग होतं.”

“असं होय,” त्या म्हणाल्या आणि आत जाऊन दोन ताटं आणली. नेहमी मांडतात त्यापेक्षा जवळ जवळ मांडली. भाऊ उजव्या हातानं जेवले, मी डाव्या. माझा घास तोंडापर्यंत जायच्या आधी दोनदा खाली पडला, तेव्हा बाईंनी मला चमचा दिला. बाकी कुठलीही चौकशी नाही. चोर असो की साधू, आधी भात.

“बाई, तुमी भाऊचं नाटक पाह्यलं नाई का कधी?” मी विचारलं.

“आयकलं हाय ना.”

“पाह्यलं?”

“पाहाले गेली असती तं तुमाले जेवाले कोनं वाढलं असतं?” एवढं बोलून त्या आणखी भात आणायला गेल्या. भाऊंनी घास तोंडाजवळच धरून ठेवला. बेडीतून मला तो थांबलेला जाणवला.

“विक्की,” ते हळूच म्हणाले, “पिक्चर तं घरी पाहाता येते, नाई?”

“हो ना भाऊ. आपला टॉकीजमधी लागनारच नाई. पेन ड्राइव्ह टीव्हीले लावा आन पाहा.”

“पाहुने येत नाई ना पिक्चरले?”

“पिक्चरले कायले येतीन?”

भाऊंनी घास खाल्ला. त्यानंतर प्रवीण किल्ली घेऊन येईपर्यंत ते खूश होते. मी नव्हतो. मला लघवीला जायचं होतं.

तर योजना अशी होती. पिक्चर तयार झाला की पहिला पेन ड्राइव्ह भाऊंना. रविवारची दुपार. समोर एक खुर्ची. खुर्चीत वच्छलाबाई. बाजूला भाऊ. बस. आपण तोंड उघडलं की चहा ठेवायचा नसतो, बघायचं असतं, हे एकदा तरी बाईंना कळावं, एवढी त्या माणसाची इच्छा होती. मी त्यांना टीव्हीचं मागचं भोक दाखवून ठेवलं. रिमोटवरचं थांबवायचं बटनही दाखवलं. ते त्यांना फार आवडलं. “म्हनजे व्हॉल्व्हच हाय हा,” ते म्हणाले.

घात केला जाहिरातीनं. प्रवीणच्या कम्प्युटरवर एकच नमुना आहे, लग्नपत्रिकेचा. त्यातच त्यानं आमचे फोटो घातले. वर डावीकडे भाऊ, उजवीकडे मी, मध्ये दोन मोर. खाली ‘एक बेडी, दोन गडी अर्थात पळशील कुठं’ या चित्रपटाचा घरगुती प्रकाशन सोहळा, रविवार दुपारी बारा, सहकुटुंब सहपरिवार, आपली उपस्थिती प्रार्थनीय. आणि नमुन्यात ‘स्थळ’ अशी जागा होती. ती रिकामी बरी दिसेना, म्हणून त्यानं लिहिलं : हिरोचे राहते घर, मोहटोला.

ही जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर तीन जिल्ह्यांत फिरली. भाऊंकडे बटनाचा मोबाइल आहे.

आमच्याकडे तारीख, वेळ आणि स्थळ असलेला कुठलाही कागद दिसला की माणसं येतात. का बोलावलं हे आल्यावर विचारतात.

रविवारी अकरालाच पहिली काळी-पिवळी जीप थांबली. तिच्यातून कोरपन्याच्या गिरजाबाई उतरल्या, वच्छलाबाईंच्या थोरल्या बहीण. मागून त्यांचा परिवार. मग एटापल्लीचे सोयरे. मग सिरोंच्याहून वच्छलाबाईंचा धाकटा भाऊ पत्रू, जो तिकडच्या मुलीशी लग्न करून तिकडचाच झालाय आणि अर्धं बोलणं तेलुगूत करतो. “जयभीम बावा!” तो ओरडला. बावा म्हणजे बहिणीचा नवरा. बावा दारात उभे होते. हातात समाज मंदिरातून आणलेली एकुलती एक खुर्ची.

घरात वच्छलाबाईंनी पदर खोचला होता.

त्यांनी कपाळाला आठी घातली नाही. त्यांनी भाताचा मोठा गंज काढला, कोंबडी कोणाकडे मिळेल ते विचारलं, उडदाची डाळ भिजत घालायला उशीर झाला म्हणून स्वतःलाच चार शब्द सुनावले. भाऊ खुर्ची घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले.

“वच्छला, आज...”

“बसवा ना पाहुन्याईले. खुर्ची गिरजाबाईले द्या.”

भाऊंनी खुर्ची गिरजाबाईंना दिली नाही. ती त्यांनी टीव्हीसमोर मधोमध मांडली, तिच्यावर आपला रुमाल टाकला, बसमध्ये टाकतात तसा. पाहुणे खाली चटईवर बसले. टीव्ही चालू झाला. वर भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. खाली आम्ही.

पिक्चरच्या सुरुवातीला सनई वाजली. प्रवीणचं हे सॉफ्टवेअर सुरुवातीला सनई वाजवतंच, ते त्याला बंद करता येत नाही. मग गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. मग एका बदामात सोमाजीभाऊ हवालदाराच्या वेशात आले, दुसऱ्या बदामात मी गळ्यातली चेन ओढताना, आणि दोन्ही बदाम एकमेकांत मिसळले.

“लगन कोनाचं हाय?” गिरजाबाईंनी विचारलं.

“चोराचं आन हवालदाराचं, बाई,” मी सांगितलं.

“पोरगा बरा हाय. पन कामधंदा?”

एवढ्यात पिक्चर थांबला. भाऊंनी बटन दाबलं होतं.

“काऊन थांबवला?”

“वच्छला आली नाई अजून.”

“अवो, तुमी लावा ना! तिले मांगून दाखवू.”

“आजवर मांगून मांगूनच राह्यलं,” भाऊ म्हणाले.

पाहुण्यांना वाटलं, माणूस गंमत करतोय. दोन-चार मिनिटं ते हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की हा तोच चेहरा आहे, जो गल्लीचं पाणी बंद करून चहाला जातो. पत्रू म्हणाला, “पेट्टु बावा, पेट्टु!” म्हणजे लाव ना लाव. बावांनी पेट्टलं नाही. रिमोट त्यांनी शर्टाच्या आत टाकला.

आतून फोडणीचा आवाज आला.

“लय टाइम लागन तिले एकटीले,” गिरजाबाई म्हणाल्या.

भाऊंनी खुर्चीवरचा रुमाल सरळ केला.

गिरजाबाईंनी जरा वेळ पडद्यावरच्या पाकळ्या पाहिल्या. मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. त्या उठल्या म्हणून त्यांच्या सुना उठल्या. सुना उठल्या म्हणून, पिक्चर पुढे सरकायचा असेल तर आता आपणच, हे पत्रूला कळलं आणि तो रस्सा ढवळायला गेला. एटापल्लीचे सोयरे कांदा चिरायला बसले. ते सोयरिकीच्या बोलणीला आले होते, ती त्यांनी कांद्यावर केली. आमच्या भागात पाहुण्यानं नाटकाच्या घरी चूल पाहिल्याचा हा पहिला प्रसंग असावा. शेवटी वच्छलाबाईंनाच त्यांच्या स्वयंपाकघरातून बाहेर काढण्यात आलं.

“मीठ टाकलं हाय मी! आनखी नोका टाकू!” त्या मागे वळून ओरडत होत्या. भाऊंनी खुर्चीवरचा रुमाल उचलला. त्या बसल्या. पुढच्याच गावी उतरायचं असल्यासारख्या, अगदी कडेला.

पिक्चर पहिल्यापासून लागला. सनई, पाकळ्या, बदाम.

“पोट दिसून राह्यलं,” वच्छलाबाई म्हणाल्या.

“कोनाचं?” भाऊंनी उत्सुकतेनं विचारलं.

“तुमचं.”

भाऊंना हे फार आवडलं. त्यांनी आपल्याकडे वळून पाहिलेल्या प्रत्येक पाहुण्याला मान हलवून होकार दिला. पुढे बस चुकते, आम्ही जंगलातून चालतो, मी पळतो आणि बेडीमुळे परत येतो, तिथे बाई हसल्यासुद्धा. तोंडावर पदर धरून. पिठाचा पांढरा डाग गालावर लागला. मग आम्ही झाडावर चढलो. प्रवीण गुरगुरला. मी टीव्हीतून विचारलं, “घरी कोनी वाट पाहून राह्यलं असन ना तुमची?”

आणि टीव्हीतल्या भाऊंनी तोंड उघडण्याआधी खऱ्या भाऊंनी शेजारी पाहिलं.

आता जे झालं ते वर चुकून लिहिलं गेलं होतं, ते हे.

बाईंची मान कलली होती. हात मांडीवर उपडे. पाहुण्यांसाठी पहाटे उठायची सवय, त्यात ही दुपार, त्यात पंख्याखालची खुर्ची. भाऊंनी शर्टात हात घालून बटन दाबलं. पडद्यावरचे भाऊ तोंड अर्धं उघडून थांबले.

“उठवा ना तिले!” गिरजाबाई कुजबुजल्या.

“नाई.”

“अवो, तुमचाच सीन हाय!”

“असू दे. कधीची जागी हाय थे.”

मग सगळे हळू आवाजात जेवले. भात गिचका झाला होता, मीठ दोनदा पडलं होतं, कोणी काही म्हटलं नाही. पडद्यावर भाऊ खाकीत, मोहाच्या फांदीवर, जबडा लटकवून. प्रवीणच्या सॉफ्टवेअरची एक सवय आहे, अधूनमधून चित्राभोवती बदाम येतो. तोही नेमका तिथंच थांबला होता.

दिवस कलला. पाणी सोडायची वेळ झाली. भाऊंनी कोपऱ्यातली चावी खांद्यावर टाकली, रिमोट माझ्या हातात दिला आणि साऱ्या पाहुण्यांना उद्देशून म्हणाले, “कोनी बटन दाबन, त्याच्या घरचं पानी बंद.”

कोरपन्याचं आणि सिरोंच्याचं पाणी भाऊंच्या हातात नाही. तरी कोणी दाबलं नाही.

थोड्या वेळानं अंगणातला नळ खोकला, मग हवा सोडली, मग धार लागली. त्या आवाजासरशी वच्छलाबाईंचे डोळे उघडले. त्या उठू लागल्या.

“बस,” गिरजाबाई म्हणाल्या. “पान्याचा गुंड लावला मी नळाले.”

बाई परत टेकल्या. आपण कुठे आहोत हे त्यांना हळूहळू कळलं. समोर पाहिलं.

“हे काऊन असे थांबले?”

“तुमच्यासाठी, बाई,” मी म्हणालो. “तुमाले झोप लागली तवापासून तसेच हायेत.”

त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. टोपी, खांद्यावरची पट्टी, उघडं तोंड. बराच वेळ.

“काय म्हनून राह्यले होते?”

वाक्य मला पाठ होतं. ते झाडावर माझ्या कानाशी बोललं गेलं होतं. मी ते बोललो नाही. चोरालाही काही गोष्टींना हात लावायचा नसतो.

“लावू का? पाहा तुमीच.”

“नाई,” त्या म्हणाल्या. “येऊ दे त्याईले.”

“भाऊले पाठ हाय, बाई. त्याईले कायले...”

“येऊ दे. मी बसून हाओ.”

आणि त्या बसल्या. या खेपेला पाठ टेकून. अंगणात गुंड भरून वाहू लागला, तो गिरजाबाईंच्या सुनांपैकी कोणीतरी बदलला. आतून पत्रूनं चहापत्ती कुठी हाय म्हणून हाक मारली, बाईंनी नुसता हात करून फळीकडे दाखवलं. उठल्या नाहीत.

भाऊ आले तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. चावी खांद्यावर तशीच. त्यांनी दारातून पाहिलं : चहा दुसऱ्याच माणसाच्या हातात, वच्छला खुर्चीत.

“किती टाइम लावला,” त्या म्हणाल्या. “वाट पाहून राह्यली ना मी.”

भाऊंचं तोंड अर्धं उघडलं. दारातले भाऊ आणि टीव्हीतले भाऊ यांच्यात तेव्हा फक्त टोपीचा फरक होता.

“बसा,” बाई म्हणाल्या आणि मला रिमोट दाबायची खूण केली. रात्री घरी येऊन मी हा अर्ज लिहिला.

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,

विषय : नाटकाच्या दिवशी पाहुण्यांच्या हालचालींवर निर्बंध घालणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, सौ. वच्छला सोमाजी जनबंधू, रा. मोहटोला, यांनी उर्वरित चित्रपट जागेपणी पाहिला असून झाडावरील प्रसंग त्यांच्या आदेशावरून पुन्हा लावण्यात आला. त्यानंतर त्यांनी ‘पोट आत घ्याचं होतं’ असा अभिप्राय नोंदवून पतीस चहा दिला. चहा पत्रू यांनी केलेला होता.

सबब, येत्या मंडईपासून नाटक असलेल्या प्रत्येक गावात पाहुण्यांना जेवणाच्या डब्याशिवाय प्रवेश देऊ नये. ते प्रशासकीयदृष्ट्या शक्य नसल्यास, प्रत्येक घरची स्वयंपाक करणारी व्यक्ती मांडवात येऊन पाठ टेकून बसेपर्यंत पडदा वर करू नये, व तोवर साहेबांची गाडी तयार करण्यात येऊ नये, असे आदेश संबंधितांना व्हावेत, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
विक्की (चोर)